हॅम्लेटच्या केसपेपरवर माहिती देणारा कोण?

मानसोपचाराच्या केसपेपरवर पेशंटचं नाव, वय, गाव लिहून झालं की एक रकाना येतो: माहिती देणारा. पेशंटला कोण घेऊन आलं, त्याचं पेशंटशी नातं काय, दोघं एका घरात राहतात का आणि त्याच्या सांगण्यावर कितपत भरवसा ठेवायचा, हे डॉक्टरला तिथं नोंदवावं लागतं. तापाच्या पेशंटला थर्मामीटर लावला की भागतं. मनाच्या दुखण्यात मात्र घरचे काय सांगतात यावर निम्मं काम अवलंबून असतं, आणि घरच्यांचं एकमत कधीच नसतं. आई म्हणते, बाहेरचं झालंय कायतरी. भाऊ म्हणतो, भरतीत नाव लागलं नाही तेव्हापासून येड्यावानी करतंय. बायको तोंडाला पदर लावून गप्प उभी. मराठवाड्यातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात हे ओळखीचं दृश्य.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि १९९४ साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तिथंच आहे. एका आवारात मनोरुग्ण तपासले जातात, दुसऱ्या आवारात शेक्सपिअर शिकवला जातो. इंग्रजीच्या वर्गात पिढ्यानपिढ्या एक प्रश्न फिरत आला आहे: हॅम्लेट खरंच वेडा होता की वेडाचं सोंग करत होता? दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहून झाली आहेत. शेजारच्या आवारातला तो रकाना उसना घेतला तर हाच प्रश्न जरा वेगळा दिसतो. हॅम्लेट वेडा आहे असं कोण सांगतं, आणि सांगून झाल्यावर तो काय करतो? या अंगानं नाटक, त्या काळचं वैद्यक, नंतरची समीक्षा आणि आपली मराठी परंपरा यांचा हा आढावा.

पेडगावचा रस्ता

सोंगाच्या वेडासाठी मराठीत तयार वाक्प्रचार आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. पेडगाव हे श्रीगोंदा तालुक्यातलं भीमाकाठचं गाव. तिथल्या बहादूरगडावरच्या मोगल सरदाराला मराठ्यांच्या एका तुकडीनं हुलकावणी देऊन दूर नेलं आणि मागे राहिलेल्यांनी छावणी लुटली, अशी कथा सांगतात. वेड इथं पांघरूण आहे. काम झालं की घडी करून ठेवायचं.

हॅम्लेटची मूळ कथा अशीच पेडगावची आहे. सुमारे १२०० साली सॅक्सो ग्रामॅटिकसनं लॅटिनमध्ये लिहिलेल्या डेन्मार्कच्या इतिहासात अ‍ॅमलेथ नावाचा राजपुत्र येतो. त्याच्या बापाला चुलत्यानं उघडपणे मारलेलं असतं, सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि पोरगं मोठं झालं की सूड घेणार हेही ठाऊक असतं. म्हणून पोरगं वेड्याचं सोंग घेतं. वेड्याला कोण कशाला मारेल? सोंग हीच त्याची ढाल.

शेक्सपिअरनं १६०० च्या सुमारास ही गोष्ट घेतली आणि तिच्यातला एकच खिळा काढला. त्याच्या नाटकात खून गुप्त आहे. राजा सापाच्या दंशानं गेला असंच सगळा दरबार मानतो. मग वेडाचं सोंग कशासाठी? गप्प बसला असता तर हॅम्लेटवर कुणाचा संशयही गेला नसता. सोंगामुळेच सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. सोंगाला पुरेसं कारण नाही, अशी तक्रार डॉ. जॉन्सननं १७६५ मध्ये केली होती आणि ती रास्त आहे. पण त्या एका खिळ्यामुळे नाटकाचा तोल बदलला. जुन्या कथेत वेड लपण्यासाठी होतं; इथं ते सगळ्यांना बोलायला लावतं. दरबारातला प्रत्येक जण त्या वेडाचा अर्थ लावायला निघतो.

सहा जण, सहा निदानं

पहिला पोलोनिअस. हा दरबारातला जाणता, म्हणजे स्वतःला जाणता समजणारा. आपल्या मुलीला, ऑफेलियाला, त्यानं हॅम्लेटशी बोलायला बंदी केली आहे. ती घाबरून येते आणि सांगते, की राजपुत्र अस्ताव्यस्त कपड्यांत, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले अशा अवस्थेत माझ्या खोलीत आला, मनगट धरून बघत राहिला आणि न बोलता गेला. पोलोनिअसचं निदान जागच्या जागी तयार: प्रेमभंग. राजाराणीसमोर तो मुलीला आलेलं पत्र वाचून दाखवतो आणि आजाराच्या पायऱ्या मोजतो: आधी उदासी, मग अन्न तुटलं, झोप गेली, अशक्तपणा आला आणि शेवटी वेड. पाठ्यपुस्तकात शोभावी अशी यादी. यातली एकही पायरी त्यानं स्वतः पाहिलेली नाही. निदान खरं ठरलं तर राजपुत्र आपल्या मुलीसाठी वेडा झाला असं सिद्ध होतं, हा फायदा मात्र त्याला दिसतो. पुढे हॅम्लेटच्या बरळण्यात काहीतरी संगती आहे हे त्याच्याच लक्षात येतं, पण निदान बदलत नाही.

दुसरी आई, गर्ट्रूड. तिला कारण विचारलं तर ती क्षणभरात सांगते: बापाचा मृत्यू आणि आमचं घाईत झालेलं लग्न. सगळ्या दरबारात सत्याच्या इतक्या जवळ कुणी जात नाही. बोलताना तिचं स्वतःचंच अपराधीपण तोंडून निसटलेलं आहे.

तिसरा चुलता, क्लॉडिअस, आता राजा आणि गर्ट्रूडचा नवरा. हॅम्लेट आणि ऑफेलियाचं बोलणं आडून ऐकल्यावर तो नेमकं बोलतो: हे प्रेमाचं दुखणं नाही, आणि बोलणं तुटक असलं तरी वेड्याचं नाही, या पोराच्या मनात काहीतरी उबतंय. खुनी माणूस असल्यामुळे वेडाचा सगळ्यांत अचूक वाचक तोच आहे. पण दरबारात बोलायची भाषा वेगळी. तिथं तो काळजीच्या सुरात सांगतो, की थोरामोठ्यांच्या वेडावर नजर ठेवावीच लागते, आणि पुतण्याला हवापालटाला म्हणून इंग्लंडला धाडतो. सोबतच्या पत्रात त्याचं डोकं उडवण्याचा हुकूम.

रोझेनक्रांझ आणि गिल्डनस्टर्न हे लहानपणीचे मित्र, आता राजाचे हेर. गादी न मिळाल्याचं हे दुखणं, असा त्यांचा अंदाज. पुढे ते याला धूर्त वेड म्हणतात. होरेशिओ हा शिकलेला मित्र. मेलेल्या राजाचं भूत हॅम्लेटला कड्याच्या टोकाला नेऊन वेडं करील, ही त्याची भीती. म्हणजे हुकमी बाहेरचं. सहावी ऑफेलिया. ती कारण शोधत बसत नाही. एक भली बुद्धी ढासळली याचं तिला दुःख होतं. सगळ्यांत निःस्वार्थ साक्ष तिची, आणि तिला विचारतं कोण?

स्वतः हॅम्लेटचं काय? आईच्या खोलीत भूत फक्त त्यालाच दिसतं, तेव्हा आई म्हणते हा डोक्याचा खेळ. तो म्हणतो, माझी नाडी तुझ्याइतकीच सरळ चालते आहे. हवं तर मी बोललेलं सगळं पुन्हा शब्दशः म्हणून दाखवतो, वेड्याला ते जमायचं नाही. मनोरुग्णाच्या तपासणीत आजही अशाच तऱ्हेची परीक्षा घेतात. पेशंटनं स्वतःच स्वतःची परीक्षा मांडावी, हे शेक्सपिअरलाच सुचू शकतं. आणि शेवटच्या अंकात हाच हॅम्लेट पोलोनिअसच्या मुलाची, लायर्टिसची, माफी मागताना म्हणतो, तुझा अपराध मी केला नाही, माझ्या वेडानं केला. जिथं शहाणपण कामाला येतं तिथं शहाणा, जिथं वेड कामाला येतं तिथं वेडा. स्वतःबद्दलही तो भरवशाचा साक्षीदार नाही.

सगळ्यांवर कडी करतो कबर खणणारा. समोर उभा असलेला हॅम्लेट त्याला ओळखू येत नाही. राजपुत्र वेडा झाला म्हणून त्याला इंग्लंडला पाठवलं, तिथं सगळेच तसले, कुणाच्या लक्षातही येणार नाही, असं तो खुद्द हॅम्लेटलाच ऐकवतो. लंडनच्या प्रेक्षकांना हा विनोद किती झोंबला असेल! दरबारात राजकारण असलेलं वेड गावगप्पांत पोचेपर्यंत एवढंच उरतं.

खरं वेड आलं तेव्हा

सोंगाच्या वेडाची एवढी चौकशी करणाऱ्या दरबारात चौथ्या अंकात खरं वेड येतं. ऑफेलियाच्या बापाला तिच्याच प्रियकरानं मारलं आहे आणि प्रेत गुपचूप पुरलं गेलं आहे. १६०३ च्या पहिल्या छापील प्रतीत रंगसूचना आहे की ती केस मोकळे सोडून, वीणेसारखं वाद्य छेडत, गात येते. मोकळे केस हे तिकडच्या रंगभूमीवर वेडाचं चिन्ह होतं. आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते समजावून सांगावं लागत नाही. अंगात आलेली बाई केस सोडूनच घुमते.

ती फुलं आणि पाला वाटते. रोझमेरी आठवणीसाठी, पॅन्सी विचारांसाठी. मग बडीशेप, कोलंबाइन, सताप, डेझी. व्हायोलेट मात्र नाहीत, बाप मेला तेव्हाच ती सुकली. कुठलं कुणाच्या हातात द्यायचं हे संहितेत लिहिलेलं नाही. नटीनं आणि दिग्दर्शकानं ठरवायचं. बडीशेप खुशामतीची खूण, कोलंबाइन बेइमानीची, म्हणून ती राजाकडे जावीत असं काही संपादक मानतात. सताप पश्चात्तापाचा, तो ती थोडा स्वतःलाही ठेवते. सगळ्या नाटकात राजाला तोंडावर कुणी खरं बोललं असेल तर ही वेडी. आणि ते बोलणं वेडाचं म्हणून कुणी अंगाला लावून घेत नाही.

हॅम्लेटसाठी हेर, पत्र, पडद्याआडून ऐकणं, जहाज, राजाज्ञा असा सगळा खटाटोप झाला. ऑफेलियासाठी एकच हुकूम निघतो: तिच्यावर लक्ष ठेवा. तेही नीट होत नाही. ती ओढ्यात बुडते. मग धर्मगुरू मृत्यू संशयास्पद म्हणून अंत्यविधी आखडते घेतो, आणि कबर खणणारे कुजबुजतात की बड्या घरची नसती तर एवढंही मिळालं नसतं. राजपुत्राच्या खोट्या वेडापुढे मुलीचं खरं वेड दरबाराला अडचण वाटलं.

त्या काळचे डॉक्टर

शेक्सपिअरच्या काळी युरोपातलं वैद्यक चार रसांवर उभं होतं: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. काळं पित्त वाढलं की विषाद. टिमथी ब्राइट या वैद्यानं १५८६ मध्ये विषादावर पुस्तक लिहिलं. रॉबर्ट बर्टनचा अवाढव्य ग्रंथ १६२१ चा. हॅम्लेटलाही हे शास्त्र ठाऊक आहे. आपल्या विषादाचा फायदा घेऊन सैतानच तर बापाचं रूप घेऊन आला नसेल, अशी शंका तो स्वतःच घेतो. मराठी वाचकाला यात परकं काही नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार आहेत: वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून असे चार, आणि पाचवा आगंतू, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच वगैरेंच्या बाधेचा. दोष की बाधा, हा वाद दोन्हीकडे एकाच पोथीत सुखानं नांदत होता.

एवढं शास्त्र असून हॅम्लेटमध्ये डॉक्टर नाही. तो मॅकबेथमध्ये येतो. लेडी मॅकबेथ झोपेत चालते, हात चोळते, बोलते. डॉक्टर तिच्या दासीला विचारतो, आधी तिच्या तोंडून काय ऐकलंस? दासी सांगायचं नाकारते, कारण तिच्याजवळ दुसरा साक्षीदार नाही. खुनी राजाच्या घरात माहिती देणं म्हणजे मान देणं, हे तिला कळतं. मग डॉक्टर स्वतः जागतो, ऐकलेलं टिपून घेतो, आणि हे दुखणं माझ्या विद्येपलीकडचं आहे, इथं वैद्यापेक्षा धर्मगुरू हवा, असं कबूल करतो. किंग लिअरमध्ये तर वादळात तीन जण शेजारी शेजारी उभे आहेत: खरा वेडा होत चाललेला राजा, वेड्याचं सोंग घेतलेला एडगर आणि पोटासाठी वेडेपणा करणारा विदूषक. आणि शहाणपणाचं बोलणं या तिघांकडूनच येतं.

समीक्षकांची रांग

चारशे वर्षांची समीक्षाही माहिती देणाऱ्यांच्या रांगेतच उभी आहे. नाजूक मनावर पेलणार नाही असं काम लादलं गेलं, असं गटेच्या कादंबरीतल्या विल्हेल्मला वाटलं. ब्रॅडलीनं १९०४ मध्ये हॅम्लेटला विषादाचा पेशंट ठरवलं. त्याआधी १९०० मध्ये फ्रॉइडनं चुलत्याच्या जागी मुलाची दडलेली इच्छा पाहिली. अर्नेस्ट जोन्सनं त्यावर पुढे अख्खं पुस्तक लिहिलं. एलियटनं १९१९ मध्ये भावना घटनांपेक्षा मोठी झाली म्हणून नाटकच फसलं असं ठरवलं. ऑफेलियाकडे मात्र समीक्षेनं दीर्घकाळ दुर्लक्ष केलं. एलेन शोवॉल्टरनं १९८५ मधल्या निबंधात दाखवलं की एकोणिसाव्या शतकातले वेड्यांच्या इस्पितळातले डॉक्टरच स्त्री रुग्णांना ऑफेलियासारखं पाहू लागले होते. ह्यू डायमंड या डॉक्टरनं सरीच्या इस्पितळात एका बाईचा फोटो डोक्यावर पानांची माळ घालून काढला. नाटकानं वेडाचं चित्र दिलं आणि दवाखान्यानं ते पेशंटच्या डोक्यावर चढवलं.

डोंगरीचा तुरुंग आणि चंद्रसेन

मराठीत हॅम्लेट आला तोही एका वेडाच्या वादातून गेलेल्या माणसाच्या हातून. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेड लागलं आहे असं इंग्रज सरकारनं मानलं. केसरी आणि मराठा या नव्या पत्रांचा तर्क असा, की दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करून त्यांना वेडं ठरवत आहेत. काही पत्रं पुरावा म्हणून छापली गेली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रं न्यायालयात बनावट ठरली. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर, दोघेही नुकते सव्विशीत आलेले, चार महिन्यांसाठी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. एकशे एक दिवसांनी, २६ ऑक्टोबरला सुटले.

त्या कोठडीत गोपाळ गणेश आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतरावर काम केलं. १८८३ मध्ये ते 'विकारविलसित' या नावानं छापून आलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले महाराज पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वारले.

हा योगायोग सोपा नाही. राजाच्या वेडाचं निदान सत्ता करते आणि मग त्याला नजरेखाली ठेवते, ही क्लॉडिअसची रीत आगरकरांनी आपल्या काळात पाहिली होती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. आपल्या मनातल्या संशयाला जुळली म्हणून खोटी पत्रं खरी मानण्याची चूक त्यांच्या बाजूनं झाली होती. पोलोनिअसचं पत्र आणि केसरीची पत्रं यांत हेतूचं अंतर जमीनअस्मानाचं आहे, तरी सापळा एकच.

भाषांतराचं नाव पाहण्यासारखं आहे. विकार म्हणजे काम, क्रोध, शोक हे मनाचे आवेग. विकार म्हणजे आजारही. इंग्रजीत हे दोन शब्द लागतात, आगरकरांना मराठीत एकच पुरला. आज शासकीय महाविद्यालयात 'मनोविकृतीशास्त्र' अशी पाटी असते तिच्यात फक्त दुसरा अर्थ उरला आहे.

मराठी चंद्रसेन झालेला हा हॅम्लेट शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी गाजवला. पुढे नाना जोगांचं भाषांतर आलं आणि २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात सुमीत राघवननं ते पुन्हा उभं केलं. लिअरची सावली शिरवाडकरांच्या १९७० मधल्या 'नटसम्राट'वर आहेच. विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' १९७४ चा.

आपल्या परंपरेत वेडाकडे पाहण्याची तिसरी नजरही आहे. महानुभावांचे गोविंदप्रभू रिद्धपूरच्या रस्त्यांवर फिरायचे, कुणाचं काही उचलायचे, कुणाला हसायचे. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात तेच लोक त्यांना वेडे म्हणतात आणि तेच त्यांना मायबाप मानतात. हॅम्लेटच्या गावी, एल्सिनोरच्या दरबारात, ही सोय नव्हती. तिथं वेड हा प्रेमभंग असतो, सूड असतो किंवा धोका असतो, लीळा नसते.

रकाना आजही रिकामाच

मराठवाडा आणि बीदरच्या सीमाभागात भानामतीच्या नावानं बायका घुमतात, प्राण्यांसारखे आवाज काढतात, तेव्हा गाव होरेशिओच्या नजरेनं बघतं. करणाऱ्याचा शोध सुरू होतो आणि बहुधा एखादी एकटी बाई सापडते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा या शोधाला आळा घालण्यासाठी आहे. मनोरुग्णाला बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीला नेणारी कुटुंबं आजही आहेत. राज्यातली ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर आहेत, हेही त्यामागचं एक कारण.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एक कलम शेक्सपिअर वाचून लिहिल्यासारखं वाटतं. एखाद्याचा राजकीय, आर्थिक किंवा सामाजिक दर्जा, किंवा समाजाच्या नीतिकल्पनांशी, राजकीय मतांशी अथवा धर्मश्रद्धांशी त्याचं न जुळणं, या आधारावर त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. क्लॉडिअसला या कलमाखाली पुतण्याला जहाजावर चढवता आलं नसतं. पण कायदा निदान करणाऱ्याला बांधतो. सांगणाऱ्याला बांधणं अवघड.

म्हणून नाटकातल्या एका फुटकळ पात्राकडे लक्ष द्यावंसं वाटतं. १६०४-०५ च्या प्रतीत ऑफेलियाची बातमी एक दरबारी गृहस्थ राणीकडे आणतो. राणीला तिला भेटायचंच नाही. तो चार गोष्टी सांगतो: ती बापाबद्दल बोलते, छातीवर हात मारते, क्षुल्लक गोष्टींवर चिडते, आणि तिचं बोलणं अर्धवट असतं. मग तो म्हणतो, की ऐकणारे त्या शब्दांचे तुकडे आपापल्या विचारांच्या मापानं शिवून घेतात. तो कारण सांगत नाही आणि स्वतःचं मतही तिच्यावर लादत नाही. पाहिलं ते सांगतो आणि ऐकणाऱ्यांपासून सावध करतो. १६२३ च्या प्रतीत त्याची भूमिकाच कापली गेली आणि बोलणं होरेशिओकडे गेलं.

केसपेपरच्या त्या रकान्यात 'विश्वासार्ह' असं लिहिता येईल असा एल्सिनोरमध्ये हा एकच माणूस आहे. त्याला शेक्सपिअरनं नाव दिलेलं नाही.